अपघात मोजण्याऐवजी जागा मोजल्या: सांगलीतल्या साइटवरचा माझा अनुभव

विश्रामबागेतल्या चार मजली इमारतीच्या कामावर सुरक्षेचा हिशेब ठेवायचं ठरलं, तेव्हा पहिली अडचण आली ती मोजायचं काय याची. नेहमीचं सूत्र असं: कामाचा दिवस बुडवणाऱ्या दुखापती गुणिले 10 लाख, भागिले एकूण मनुष्य-तास. आमची माणसं 25. रोजचे 8 तास, महिन्याचे 25 दिवस धरले तर वर्षाला 60,000 तास. एकाला लागलं की आकडा 16.7, नाही लागलं की शून्य. कठडाच नसलेल्या स्लॅबवरही वर्षभर शून्य येऊ शकतं. म्हणून आम्ही जागा मोजायला लागलो.

आठवड्यातून दोन फेऱ्या, वार न ठरवता, मुकादमाला सोबत घेऊन. कागदावर 40 जागा: स्लॅबची प्रत्येक मोकळी कड, लिफ्टचा खड्डा, परांचीचे (उंचावर उभं राहून काम करायच्या तात्पुरत्या सांगाड्याचे) पाय, फळ्या, वायरींचे जोड, उभ्या सळयांची टोकं. ठीक असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली आणि पुढे कारण. ठीक जागा भागिले पाहिलेल्या जागा, ही टक्केवारी. त्या दिवशी लागू नसलेली जागा दोन्हीकडून वगळायची, नाहीतर आकडा फुगतो.

खरा उपयोग झाला तो कारणाच्या रकान्याचा. कठड्याची फुली पुन्हा पुन्हा यायची ती माल वर चढतो त्याच कडेला. विटा, घमेली आत ओढताना आडवा पाइप मध्ये येतो, तो काढला जातो आणि परत लावायचा राहतो. गवंड्यांना रागावून दोन दिवस फरक पडतो, तिसऱ्या दिवशी पाइप पुन्हा जमिनीवर. शेवटी प्रत्येक मजल्यावर माल घ्यायची एकच जागा ठेवली आणि तिथं आत उघडणारं बिजागरीचं फाटक बसवलं. फाटक उघडणाऱ्याचा हार्नेस (अंगावरचा सुरक्षा पट्टा) मागच्या कॉलमला अडकवलेला. काढायला पाइपच उरला नाही.

परांचीचं मूळ पैशात निघालं. प्लास्टरचा ठेका ब्रासवर, म्हणजे दर 100 चौरस फुटांवर असतो. परांची हलवण्यात गेलेला तास गवंड्याच्या पदरचा जातो, म्हणून तो फळीच्या टोकावरून हात लांबवत राहतो. परांचीचं काम ठेक्यातून काढून दोन माणसांना रोजंदारीवर दिलं. परांचीच्या पायाखाली बेसप्लेट (लोखंडी पत्रा) आणि तिच्याखाली जाड फळी लागतेच. इथल्या काळ्या मातीत पावसानंतर एखादाच पाय खचतो आणि भार शेजारच्या जोडांवर जातो.

हार्नेसबद्दल गैरसमज फार. 1.8 मीटरची दोरी पायापाशी अडकवली, तर दोरीची लांबी, पडताना उलगडून झटका शोषणारा शॉक अॅब्सॉर्बर आणि माणसाची उंची धरून खाली जवळपास 6 मीटर मोकळे लागतात. पहिला स्लॅब 3 मीटरवर. तिथं कठडा हवा, किंवा हुक डोक्याच्या वर.

पायाच्या खोदाईत दीड मीटरपेक्षा खोल उभी कड ठेवली नाही. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत पहिला पाऊस शिरला की अख्खी ढेपच सुटते, आणि एक घनमीटर माती दीड टनाच्या पुढे भरते. कडेला उतार दिला, उपसा दीड मीटर लांब टाकला, शिडी खड्ड्यातच ठेवली.

टक्केवारीला बक्षीस मात्र लावू नका. फुल्या लपायला लागतात. आणि सेंटरिंग (स्लॅब ओतायचा साचा नि टेकू) संपून प्लास्टर सुरू झालं की 40 जागांची यादी नव्यानं करा.