एका ‘टेक’चं मोठं खटलं

इंग्रजीला घाबरणारा माणूस लांबलचक शब्दांना घाबरतो, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. लांबलचक शब्द फार सरळमार्गी असतात. ‘पोस्टपोन’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘टॉलरेट’ म्हणजे सहन करणे. एकदा पाठ केले की जन्मभर जागचे हलत नाहीत. दगा देतात ते बारके: गेट, पुट, सेट, टेक. त्यातही टेक. अर्थ विचाराल तर पहिलीतलं पोरही सांगेल, घेणे. मग कोणीतरी एखाद्या मुलीबद्दल ‘टेक्स आफ्टर हर मदर’ म्हणतं. तिथे कोणी काहीच घेतलेलं नसतं, पोरगी आईच्या वळणावर गेलेली असते, इतकंच.

‘टेक ऑफ’चंच बघा. विमान टेक ऑफ करतं आणि माणूस कोटही टेक ऑफ करतो. कंटाळलेला पाहुणा टेक ऑफ करतो म्हणजे सटकतो, धंदा टेक ऑफ करतो म्हणजे जोरात चालू लागतो, नोकरदार सोमवार टेक ऑफ करतो म्हणजे रजा टाकतो. (रजा आपण घेतोही आणि टाकतोही, दोन्हींचा परिणाम एकच. पण तो वेगळा विषय.) एवढ्यावर भागत नाही. एखाद्याची नक्कल करणे हाही टेक ऑफच. सॅम्युएल जॉन्सनचा शब्दकोश 1755 साली लंडनमध्ये निघाला. त्याच्या प्रस्तावनेत ‘टेक ऑफ’ येतो तो याच नकलेच्या अर्थाने. राइट बंधूंचं विमान उडायला 1903 साल उजाडायचं होतं, नकलाकारांना मात्र थांबायचं कारण नव्हतं.

याच प्रस्तावनेत जॉन्सन म्हणतो की क्रियापदामागे एक बारीकसा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची इंग्रजीची ही सवय परक्यांना सगळ्यात जड जाते. कोशात त्याने एकट्या ‘टेक’चे 134 अर्थ दिले आहेत. क्रियापदामागे शब्द जोडण्याच्या या प्रकाराला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मिळालं ते फार उशिरा. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने 1925 साली ते छापलं. तोवर मुलाची मुंज आणि लग्न उरकून झालं होतं, बारसं तेवढं राहिलं होतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची 1989 ची आवृत्ती आली तेव्हा ‘सेट’ 430 अर्थांनिशी सगळ्यांच्या पुढे होता. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ या क्रियापदाने 645 पर्यंत मजल मारली. पीटर गिलिव्हर या संपादकांचे त्या एका शब्दात नऊ महिने गेले म्हणतात. नऊच का, हे मी विचारत नाही.

टेकचं खटलं एवढं वाढलं खरं, पण तो मूळचा इंग्लंडचा नव्हेच. जुन्या इंग्रजीत घेणे या अर्थाने ‘निमन’ असं क्रियापद होतं, जर्मनमधल्या ‘नेमन’चं सख्खं भावंड. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक जहाजांतून आले. आधी लुटालूट केली, मग उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये शेतीवाडी करून राहिले. त्यांच्याबरोबर आला ‘ताका’. काही शतकांत या पाहुण्याने यजमानाला घराबाहेर काढलं. निमनच्या वंशातले थोडे लोक अजून गावात दिसतात. चटकन पकडणारा तो ‘निम्बल’, म्हणजे चपळ. आणि पकडला गेलेला तो ‘नम’, म्हणजे बधिर. म्हणजे ज्याला घेता आलं तो चपळ, ज्याला घेतलं गेलं तो बधिर. सर्वनामापर्यंत मजल मारणारे हे नॉर्स लोक; ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ हे शब्दही त्यांचेच. इतक्या आत शिरायचं म्हणजे नुसत्या तलवारीवर भागत नाही. शेजारपाजार, देवाणघेवाण, लग्नं, भांडणं, सगळं एकत्र व्हावं लागतं.

आपली अडचण मला इथे दिसते. आपल्याकडे इंग्रजी शेजारपाजारातून आलंच नाही. ते आलं कचेरीतून, कोर्टातून आणि शाळेच्या फळ्यावरून. त्यामुळे ‘काइंडली डू द नीडफुल’ आपल्याला झोपेतही लिहिता येतं. ‘इंटिमेट’ म्हणजे कळवणे हेही येतं, आणि तो शब्द वाचून विलायतेतला माणूस का दचकतो ते आपल्याला कळत नाही. पण पुट अप, टेक इन, गेट बाय ही भाषा आई पोरावर ओरडताना वापरते, दोन मित्र बाकावर बसून वापरतात. ती आपल्या पदरात पडलीच नाही. हिंजवडीतला पोरगा पानभर ईमेल बिनचूक लिहितो आणि फोनवर पलीकडचा ‘आय वॉज टेकन इन’ म्हणाला की अडतो. याला आसरा दिला, की फसवलं? दोन्ही अर्थ बरोबर आहेत. तिसराही आहे, सैल कपडा आवळून शिवण्याचा, पण तो बहुधा फोनवर निघत नाही.

आता गंमत अशी की, या भानगडी कळायला मराठी माणसाइतका तयार माणूस शोधून सापडणार नाही. आपण ‘घे’बरोबर वाढलो. शिंप्याला आपण ‘कमरेत जरा घ्या’ म्हणतो आणि तो बरोबर टाचण्या लावतो. हा टेक इन झाला. केस मागे घेतात, शब्द मागे घेतात, रिक्षाही मागे घेतात. हा टेक बॅक. ताब्यात घेणे हा टेक ओव्हर, हाती घेणे हा टेक अप. शिंगावर घेणे हा टेक ऑन, आणि इंग्रजीपेक्षा कितीतरी झणझणीत. फैलावर घेणे, फिरकी घेणे, तोंडसुख घेणे, झोपेचं सोंग घेणे. सटकण्याच्या टेक ऑफला तर आपल्याकडे काढता पाय घेणे आहेच. तो पाय नेमका कोणाकडून घेतात हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

शिवाय आपण आणखी एक पाऊल पुढे आहोत. ‘जेवून घे’ म्हणतो तेव्हा जेवण्याखेरीज काय घ्यायचं असतं? ‘समजून घे’, ‘ओढवून घेतलंस’, ‘सांभाळून घ्या’. हौशी वक्ता माईकसमोर आला की सगळ्यात आधी सांभाळून घ्या म्हणतो. मराठी शिकणाऱ्या एखाद्या जर्मन बाईने हे कोशात शोधलं, तर तिला सांभाळणे सापडेल, घेणे सापडेल. वक्ता सापडणार नाही.

आणि कर्मच काढून टाकलं तर विचारू नका. ‘तुम्ही घेता का?’ हे पाहुण्याला हळू आवाजात विचारलं तर दारू. ‘साहेब घेतात का?’ हे कचेरीच्या जिन्यात विचारलं तर लाच. लाचेच्या बाबतीत इंग्रजीही आपल्याच पंगतीला बसते. लाचखाऊ माणूस ‘ऑन द टेक’ असतो.

परीक्षेच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. आपल्याकडे मास्तर परीक्षा घेतात, पोरं देतात. इंग्रजीत पोरं घेतात, मास्तर देतात. ‘आय गेव्ह द एक्झाम’ असं आपली मुलं बिनदिक्कत म्हणतात आणि इंग्रजीच्या बाई लाल शाई घेऊन धावतात. माझं मत मुलांच्या बाजूने आहे. ज्याने रात्रभर जागून सगळं ओतलं त्याने परीक्षा दिली. मास्तर नुसते बसून गोळा करतात, म्हणजे त्यांनी घेतली. इंग्रजांचा हिशेब मला आजही लागत नाही.

ओळखीतल्या एका सांगलीच्या आजींना हा हिशेब फोनवर लावावा लागला. न्यू जर्सीत वाढणारी त्यांची नात मराठी बोलते, पण आतून इंग्रजीत विचार करून.

“आजी, मी उद्या गणिताची परीक्षा घेणार आहे.”

“अगं, तू मास्तरीण कधी झालीस?”

“नाही गं. आधी मी शॉवर घेणार, मग बस घेणार, मग परीक्षा घेणार.”

“बस घेणार? केवढ्याला पडली? आणि बाबाला विचारलंस का?”