तुम्ही विचारलंत म्हणून: शेवट उचलणारं इंग्रजी मला का खुपतं

युरियाची पावती खिशात घालता घालता कुणी विचारतं, लग्नाच्या पंगतीत विचारतात, व्हॉट्सॲपवर तर येता-जाता विचारतात: "सर, पोट्टे युट्युबवर पाहून जसं इंग्रजी बोलतेत, तसं तुमी त्याईले बोलू काहून देत नाई?" एका पालकानं तर मला दुकानातच धरलं. "माह्या पोरानं 'कालेज' म्हटलं तं तुमी काई म्हनत नाई, अन् 'लाइक' म्हटलं का डोये वटारता. हे कोनतं शिकवनं हाय?"

खताचं दुकान सांभाळून मी गावातल्या पोट्ट्यांचा इंग्रजीचा वर्ग घेतो, तेव्हा प्रश्न रास्त आहे. आजवर हसून टाळला. आता एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसता मोबाइल पुढं करता येईल.

आधी 'कालेज'चं. 'कालेज', 'हाटेल', 'ब्यांक', 'डाक्टर' म्हणणाऱ्या पोराचं बोलणं दारव्ह्यात कळतं, दिल्लीत कळतं आणि इंग्लंडातल्या लीड्सच्या म्हातारीलाही कळतं. हे मी अनुभवानं सांगतो. जिथं कळत नाही तिथं मी सोडत नाही, वर्गातल्या कोणालाही विचारा. 'डेव्हलप' म्हणताना आपण 'डे'वर जोर देतो, इंग्रज 'व्हे'वर देतात. 'हॉटेल'मध्ये ते 'टेल'वर देतात. जोर भलतीकडं पडला की ऐकणारा अडखळतो, म्हणून ते शब्द मी घोकून घेतो. शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'चंही तसंच. आपला 'प' कोरडा, त्यांच्या 'प'मागं हवेचा झोत असतो; तो नसला तर त्यांच्या कानाला 'पिन'ची 'बिन' होऊ शकते. ओठांपुढं कागदाची पट्टी धरायची, 'पेपर' म्हणायचं, पट्टी हलली पाहिजे. पोट्ट्यांना हा खेळ फार आवडतो. मी तो कुठं शिकलो ते पुढं येईलच.

म्हणजे मी उच्चारांचा शत्रू नाही आणि गावठीपणाचा भक्तही नाही. मला खुपतात त्या लकबी. प्रत्येक वाक्य 'सो'नं सुरू करायचं. दर दोन शब्दांमागं एक 'लाइक' पेरायचं. वाक्य संपत आलं की आवाज घशात खरवडायचा. अन् 'लिटरली', म्हणजे अक्षरशः! आमच्या वर्गातल्या एका पोरीला तुरीच्या धुऱ्यावर रानडुक्कर दिसलं. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात सांगितलं: "सो आय वॉज लाइक, ओ माय गॉड, आय लिटरली डाइड." मेली नव्हती. पहिल्या बाकावर बसून मुरमुरे खात सांगत होती.

बरं, इंग्रजीवाल्यांनीच याला मान दिलाय, हेही मला माहीत आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशानं 'लिटरली'चा हा अतिशयोक्तीचा वापर २०११ मध्ये नोंदवला, आणि असा वापर अठराव्या शतकापासून सापडतो. नोंदवला म्हणून गोड मानून घ्यावा असं काही नाही. शब्दकोशात शिव्याही असतात.

पण या सगळ्यांत मला जे खरोखर सहन होत नाही ते म्हणजे साध्या विधानाचा शेवट वर उचलणं. "माय नेम इज अमुक? आय ॲम फ्रॉम यवतमाळ?" अरे, तुझं नाव तू मला विचारतोस की सांगतोस? याला 'अपटॉक' म्हणतात. हे नाव १९९३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका लेखानं रूढ केलं; सवय त्याहून जुनी. आपल्याकडं आधी ती कॉल सेंटरांतून आणि इंग्रजी मालिकांतून आली. आता रील्समधून थेट चौथीतल्या पोराच्या तोंडी येते.

आता पुण्याचं सांगावं लागेल. गावात त्याच्या तीन-चार आवृत्त्या फिरतात, त्यातली एकही माझी नाही.

कॉलेज संपवून मी पुण्यातल्या एका कॉल सेंटरला लागलो. ब्रिटनमधल्या ग्राहकांची व्हॉइस प्रोसेस, म्हणजे फोनवर बोलायचं काम. आधी ट्रेनिंग, मग नेस्टिंग, म्हणजे खरे कॉल घ्यायचे पण मागं कोणीतरी उभं, आणि मग फ्लोअर, म्हणजे एकट्यानं कॉल घ्यायचे. ट्रेनिंगमध्ये रोज उच्चारांचा तास असायचा. तिथं एकच शिवी चालायची: एमटीआय. मदर टंग इन्फ्लुअन्स. तुमच्या इंग्रजीवर तुमच्या आईची भाषा पडली की तुमच्या नावापुढं लाल खूण.

ट्रेनर माझ्याच वयाचा होता. कागदाची पट्टी त्यानंच शिकवली आणि चांगली शिकवली, हे नाकारत नाही. खालचा ओठ दाताखाली धरून 'व्हॅल्यू' आणि ओठांचा चंबू करून 'वॉटर', हेही त्यानंच घोटून घेतलं. आपल्याकडं दोन्हीला एकच 'व', त्यामुळं माझी तिथं रोज फजिती. त्याचं स्वतःचं इंग्रजी मात्र अमेरिकन मालिकांतून उचललेलं. ग्राहक ब्रिटनचे, पण ते कोणाला विचारायची सोय नव्हती. त्याच्या प्रत्येक वाक्याचा शेवट वर जायचा. पहिले काही दिवस मला वाटायचं, हा माणूस फार नम्र आहे, सगळं विचारून विचारून बोलतो.

नेस्टिंगच्या शेवटी आमच्या कॉलची रेकॉर्डिंग सगळ्या बॅचपुढं वाजवायचे. माझा कॉल लीड्सच्या एका आजीबाईचा होता. बिलात एक रक्कम दोनदा लागली होती. मी ती शोधली, समजावून सांगितली, परत मिळेल म्हणालो. आजीबाई शेवटी म्हणाली, "थँक यू, लव्ह." कॉल संपला. मला वाटलं, झालं आपलं काम.

ट्रेनरनं रेकॉर्डिंग मागं नेलं. 'व्हॅल्यू'वर थांबवलं, पुन्हा वाजवलं, पुन्हा वाजवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ओके, सो, दिस इज, लाइक, हेवी एमटीआय?"

मी म्हणालो, "येस सर."

"अँड यू आर फ्रॉम, लाइक, अ व्हिलेज?"

"येस सर."

"सो यू आर नॉट रेडी फॉर द फ्लोअर?"

आता मला कोणी विचारलं तर मी उत्तर देणारच. तेही असं विचारलं तर. मी खुर्चीत ताठ झालो आणि म्हणालो, "नो सर, आय ॲम रेडी."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि पाठोपाठ सगळी खोली हसली. लातूरचा पोरगा हसला, ज्याला रोज माझ्याइतक्याच लाल खुणा मिळायच्या. ट्रेनर हसला नाही. तो हसणं थांबेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "आय वॉजन्ट आस्किंग."

त्या वाक्याचा शेवट खाली आला. इतक्या आठवड्यांत त्याच्या तोंडून असं खाली आलेलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे त्याला येत होतं. कुठं चढवायचं आणि कुठं उतरवायचं, हे त्याच्या हातात होतं. माझं काम नुसतं ओळखण्याचं होतं, आणि मी ओळखलं नाही.

मला ईमेलच्या कामावर टाकलं. कॅन्टीनमध्ये पुढं बरेच दिवस चहाच्या रांगेत "आर यू रेडी?" चालायचं. मी हसायचो. नवीन कामात जुने कॉल ऐकून तक्रारींचा गोषवारा लिहायचा होता, आणि तिथं मला उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टचे ग्राहक भेटले. त्यांची साधी विधानंही वर चढून संपतात. तो त्यांचा पिढीजात हेल आहे, अमेरिकन मालिकांशी त्याचा काही संबंध नाही. कोणी "मॉडेम बंद पडला" असं सांगायचं आणि ते विचारल्यासारखं वाटायचं. लंडनकडची पोरं 'थिंक'ला 'फिंक' म्हणायची, 'बटर'मधला 'ट' गिळून टाकायची. 'ट्यूजडे'चं 'चूजडे' तर सर्रास. यांच्या नावापुढं लाल खूण नव्हती. ग्राहकाला एमटीआय नसतो.

त्या हसण्यामुळं मी परत आलो, असं गावात सांगतात. तसं नाही. घरी वावर पाहायला कोणी नव्हतं, बाबांच्या गुडघ्यांनी जवाब दिला होता, दुकानाचं लायसन मिळत होतं. हे सगळं खरं आहे. हेच कारण होतं का, असं विचाराल, तर व्हॉइसमध्ये असतो तर इतक्या सहज बॅग भरली असती का, हे मला आजही सांगता येत नाही.

वर्ग सुरू केला तेव्हाचा मी वेगळा होतो. समाजमंदिराच्या भिंतीवर मी पाटी लावली होती: 'शेवट खाली!' आणि शेजारी खाली जाणारा बाण. मी पोरांना सांगायचो, बीबीसीवाले बोलतात तेच शुद्ध इंग्रजी, बाकी सगळा बिघाड. तेव्हाच्या त्या मास्तरला आता मी विचारतो, बाबा रे, कोणती बीबीसी? बीबीसीनं बोलण्याची शिस्त ठरवायला १९२६ मध्ये समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष आणि त्यांच्यानंतर नाटककार बर्नार्ड शॉ, म्हणजे डब्लिनचा माणूस. इंग्रजांच्या उच्चारांचा न्याय करायला आयरिश न्यायाधीश! दुसऱ्या महायुद्धात यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्सला बातम्या वाचायला बसवलं तर लोकांनी तक्रारी केल्या. युद्धाच्या बातम्या त्याच, पण उच्चार गावाकडचा, म्हणून त्यावर विश्वास बसेना म्हणे. आणि त्याच्याही दोनशे वर्षं आधी जोनाथन स्विफ्टसारखा मोठा लेखक 'मॉब' या शब्दावर संतापला होता, कारण तो लॅटिन शब्दाचा शेपूट तोडून केलेला. आज 'मॉब'वर कोण चिडतं?

तो जुना मास्तर यावर म्हणेल, मग काय, काहीही चालू द्यायचं? तर तसंही माझ्यानं म्हणवत नाही.

भाचीनं गेल्या दिवाळीत हे आणखी अवघड करून ठेवलं. ती नागपूरला शिकते, बोलते तेव्हा शेवट उचलते, आवाज खरवडते, सगळं करते. मी टोकलं. ती म्हणाली, "मामा, तुझ्या यादीत सगळ्या पोरीच काहून असतात रे? माणसं करत नाहीत का?" मी म्हटलं, तसं काही नाही. मग आठवून पाहिलं. ट्रेनर सोडला तर माझ्या यादीत जवळजवळ सगळ्या पोरीच होत्या. मी थोडं वाचलंही. घशातला तो खरवडलेला आवाज जुन्या वळणाच्या इंग्रज साहेबांच्या वाक्याच्या शेवटीही असायचा. तेव्हा तो भारदस्तपणा होता. तरुण बायका करू लागल्या तेव्हा 'व्होकल फ्राय' हे त्याचं अभ्यासकांतलं नाव सगळ्यांच्या तोंडी आलं, आणि कानाला त्रास व्हायला लागला. यावर माझ्याकडं उत्तर नाही. राग मात्र गेलेला नाही, हेही सांगून टाकतो.

दुसरी गोष्ट तिनंच दाखवली. १९८० च्या दशकात सिडनीत या शेवट उचलण्याचा अभ्यास झाला. लोक हे गोष्ट सांगताना जास्त करतात, ऐकणारा सोबत आहे का ते पाहायला, आणि माझं अजून संपलेलं नाही हे कळवायला. भाची म्हणाली, "मंग आबा काय करतात?" आबा म्हणजे माझे बाबा. ते ओसरीवर बसून सांगत होते: "काल वावरात गेल्तो नं, तं धुऱ्यावर रोही उभे नं, म्या हाड् म्हटलं नं…" प्रत्येक 'नं'ला आवाज वर, आणि समोरच्याचं "हं". हुंकारा मिळाल्याशिवाय बाबा पुढं सरकत नाहीत. आमच्याकडं मधेच हुंकारा थांबवला तर सांगणारा रुसतो. पुण्यात याच हेलाला लोक हसायचे, "तुमच्याकडं असं गात का बोलतात?"

म्हणजे बाबा करतात तेच, फक्त इंग्रजीत, भाची करते. कबूल. पण ट्रेनर हुंकारा मागत नव्हता. मी हुंकारा दिला तर खोली हसली. शेवट तसाच चढतो, पण एकीकडं समोरच्याला गोष्टीत ओढून घेतात, तर दुसरीकडं निकाल आधीच लावून वर तुम्हालाच विचारल्यासारखं करतात. रील्स पाहणारं आमचं चौथीतलं पोरगं यातलं नेमकं कोणतं उचलतं, हे मला ऐकून ओळखता येत नाही. आणि उद्या ते कोण्या साहेबापुढं मुलाखतीला बसून "आय ॲम रेडी?" म्हणालं, तर साहेब त्याला कशात धरेल?

तेव्हा सध्याचा नियम असा: मुलाखतीच्या सरावात नाव, गाव, शिक्षण आणि "मला हे येतं" ही वाक्यं खाली उतरलीच पाहिजेत. गोष्ट सांगताना कोणी कितीही चढवा, मी "हं" म्हणेन. 'सो' चालेल, 'लाइक' निम्मं करा. 'लिटरली'वर हरकत कायम. अमेरिकन स्टाइलच पाहिजे असेल त्यांच्यासाठी यवतमाळात क्लास आहेत, पत्ता मी स्वतः देतो, वाईट वाटून घेत नाही. भाचीला हा नियम साफ अमान्य आहे. तिचं म्हणणं, सुधारायचं तर त्या साहेबाला सुधारा, पोराला काहून? दिवाळीला येते आहे, तेव्हा हा वाद पुढं चालेल.