अंगठा जरा खाली

रविवार, रात्री पावणेबारा

काल दुपारी बेसबॉलच्या सामन्यात तिसऱ्या आणि चौथ्या इनिंगच्या मधल्या वेळात मी धाकट्याला एकच वाक्य बोललो. "अंगठा जरा खाली घे, चेंडूच्या बाजूला नको." त्याने मान हलवली, पाण्याचे दोन घोट घेतले आणि तो माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, गेला. त्याआधीच्या तीन इनिंगमध्ये त्याने फक्त एका फलंदाजाला वॉक दिला होता, म्हणजे चार चेंडू भलतीकडे टाकून फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिले होते. त्या वाक्यानंतर ओळीने चौघांना दिला. चौथ्या वॉकला प्रतिस्पर्ध्यांची एक धाव काही न करता आत आली, आणि मुख्य कोच शांतपणे चालत जाऊन त्याच्या हातातला चेंडू घेऊन आले.

परतताना तो सगळा वेळ गाडीच्या खिडकीबाहेर पाहत होता. आमच्या रस्त्याच्या वळणावर म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी मॅच चालू असताना मला काही सांगू नकोस." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काल रात्री झोप लागली असती.

हिचे म्हणणे असे की तेरा वर्षांचे पोर आहे, उद्यापर्यंत विसरेल. तो विसरलाही असावा, कारण आज सकाळी त्याने पाच घावन खाल्ले आणि सहावे मागितले. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जात नाही. ते चुकीचे असते तर बरे झाले असते. चूक कबूल करून मोकळे होता येते. पण ते बरोबर होते. अंगठा चेंडूच्या खाली, वरच्या दोन बोटांच्या मधोमध असला की चेंडू सरळ सुटतो. धाकट्याचा अंगठा बाजूला सरकतो आणि त्यामुळे त्याचा चेंडू फलंदाजापाशी पोचताना किंचित तिरका जातो. यंदा वयाप्रमाणे त्याचे पिचिंगचे, म्हणजे चेंडू टाकायचे, अंतर पन्नास फुटांवरून साठ फूट सहा इंचांवर गेले आहे. त्या वाढलेल्या साडेदहा फुटांत हा तिरकेपणा अधिक दिसतो, आणि मी रोज संध्याकाळी कुंपणाशी उभा राहून तो पाहतो. दिसले म्हणून बोललो. बोलायला नको होते का?

कालपासून पिचिंग कोच मेल स्टॉटलमायर यांची सारखी आठवण होते आहे. मी २००० च्या ऑगस्टमध्ये जर्सी सिटीत उतरलो आणि त्याच शरदात यांकीज आणि मेट्स हे न्यूयॉर्कचे दोन्ही संघ वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढतीत, समोरासमोर आले. बेसबॉलमधले मला तेव्हा काही कळत नव्हते, पण यांकीजच्या डगआउटमध्ये, खेळाडू बसतात तिथे, एक माणूस नाही आणि त्याचे नसणे सगळ्यांना जाणवते आहे, एवढे टीव्हीवरच्या बोलण्यातून समजत होते. स्टॉटलमायर त्या वेळी मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर उपचार घेत होते. ते यांकीजचे पिचिंग कोच होते आणि त्याआधी, १९८४ पासून दहा वर्षे, मेट्सचे. समोरासमोरच्या दोन्ही संघांना ज्याने घडवले तो माणूस घरी बसून सामना पाहत असेल, हा विचार तेव्हा परक्या शहरात, उसन्या गादीवर बसून माझ्या मनात आला होता आणि का कोण जाणे, घशाशी आवंढा आला होता.

खेळाडू म्हणूनही ते मोठे होते. त्यांची सारी कारकीर्द यांकीजकडेच गेली: १९६४ च्या ऑगस्टमध्ये संघात आले आणि दोन महिन्यांत वर्ल्ड सिरीजमध्ये समोरच्या संघाचा पिचर बॉब गिब्सन याच्यासमोर तीन वेळा उभे राहिले. त्यांचा हुकमी चेंडू सिंकर, म्हणजे फलंदाजाजवळ येता येता खाली बसणारा, ज्यावर फटका मारला तरी चेंडू जमिनीलगत घरंगळत जातो. एकूण १६४ विजय, ४० शटआउट, म्हणजे समोरच्यांना एकही धाव न देता पुरे केलेले सामने. १९६९ मध्ये त्यांनी ३०३ इनिंग टाकल्या आणि २४ सामने पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत एकट्याने पेलले. आज मोठमोठे पिचर वर्षाला दोनशे इनिंग गाठताना थकतात. १९७४ मध्ये त्यांच्या खांद्यातला रोटेटर कफ हा स्नायूंचा पट्टा गेला. १९७५ च्या वसंतात, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, संघाने त्यांना मोकळे केले, आणि ज्या रीतीने केले त्याची अढी त्यांच्या मनात कित्येक वर्षे राहिली.

स्वतःचा खांदा गेलेल्या माणसाने दुसऱ्याच्या खांद्याकडे कसे पाहावे? १९८५ मध्ये त्यांच्या हाताखाली ड्वाइट गुडन हा वीस वर्षांचा मुलगा होता. त्या वर्षी त्याचे २४ विजय, ४ पराभव, २६८ स्ट्राइकआउट (फलंदाजाला तीन स्ट्राइकवर बाद करणे) आणि दर नऊ इनिंगमागे १.५३ धावांची सरासरी. त्यात भर घालण्यासारखे काय होते? तरी १९८६ च्या वसंतातल्या सरावात मेट्सच्या प्रशिक्षकांनी ठरवले की त्याने प्रत्येक फलंदाजाला स्ट्राइकआउट करण्याच्या मागे लागू नये, आणखी एखादा चेंडू शिकावा, कमी चेंडूंत फलंदाज बाद करावेत, म्हणजे हात वाचेल. हेतूत खोट काढायला जागा नाही. आदल्या वर्षी त्या मुलाने पावणेतीनशेहून अधिक इनिंग टाकल्या होत्या आणि असे आकडे खांद्याचे काय करतात हे स्टॉटलमायर यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? गुडन त्या वर्षीही चांगलाच खेळला, संघ वर्ल्ड सिरीज जिंकला, पण १९८५ चा गुडन पुन्हा कोणाला दिसला नाही. पुढे व्यसनाने त्याचे जे केले ते सगळ्यांना माहीत आहे आणि खरे कारण तेच असेल. तरीही न्यूयॉर्कमधल्या जुन्या माणसांशी बोलावे तर कोणी ना कोणी हळहळून म्हणतेच की त्याला हात लावायला नको होता.

हे वाक्य मी आज दिवसभर स्वतःला म्हणतो आहे.

आणि खरे सांगायचे तर दिवसभर मला स्वतःची कीवही येत होती. नाशिकला गोल्फ क्लबच्या मैदानावर मी पाच वर्षे वेगवान गोलंदाजी केली, हाताची कातडी सोलेपर्यंत केली, आणि ते सगळे इथे कवडीच्या उपयोगाचे नाही, कारण क्रिकेटात आमचे कोपर सरळ आणि बेसबॉलमध्ये यांचे वाकलेले. मुलाला देण्यासारखे माझ्याजवळ एक निरीक्षण होते, तेही त्याला नको आहे. दादांनी मला त्या वर्षी निवड चाचणीच्या आदल्या दिवशी जे सांगितले होते, ते... नको, तो विषय आज नको.

गॅरेजमध्ये त्याचे बूट साफ करायला गेलो तर बॅगेतला जुना चेंडू हाताला लागला. कातड्यावर गवताचा हिरवा ओरखडा, लाल दोरा एका जागी विटून तपकिरी झालेला. आई इथे आली होती तेव्हा तिने दुपारी जेवणानंतर याचे टाके मोजले होते. जोडटाके एकशे आठ निघाले, आणि त्यानंतर पुढचे चार महिने तिने घरात कोणालाही त्या चेंडूला पाय लावू दिला नाही. मी धाकट्यासारखा अंगठा बाजूला ठेवून तो धरून पाहिला. त्याच्या हाताच्या मानाने चेंडू अजून मोठा आहे. अंगठा खाली पोचायला ताणावा लागत असणार. हे मला काल कुंपणावरून दिसले नव्हते.

मग यांकीजच्या पिचर मारियानो रिवेराची गोष्ट आठवली. १९९७ मध्ये सरावात सहकारी रामिरो मेंडोझाबरोबर चेंडू फेकताना त्याचा चेंडू आपोआप शेवटच्या क्षणी बाजूला सरकू लागला. त्याने मुद्दाम काही केले नव्हते. मेंडोझाला तो नीट झेलताच येईना. रिवेरा आणि स्टॉटलमायर दोघांनी मिळून तो चेंडू सरळ करण्यासाठी बराच काळ प्रयत्न केला. पकड बदलून पाहिली, सोडण्याची पद्धत बदलून पाहिली. चेंडू काही सरळ होईना. शेवटी त्यांनी तो प्रयत्न सोडून दिला आणि त्या कटरच्या, म्हणजे त्या सरकणाऱ्या चेंडूच्या, बळावर रिवेराचे ६५२ सेव्ह (शेवटी येऊन राखलेले विजय) झाले. मला या गोष्टीतला सोडून देण्याचा भाग महत्त्वाचा वाटतो. पंचावन्न वर्षांच्या, दोनदा वर्ल्ड सिरीज जिंकून दिलेल्या प्रशिक्षकाने एका तरुण मुलाच्या हातातले आपल्याला न उमगलेले काहीतरी तसेच राहू दिले. आधी दुरुस्त करायला गेले, हेही तितकेच खरे. म्हणजे तेही आधी बोललेच होते.

गुडनलाही ते पुन्हा भेटले. १९९६ मध्ये गुडन यांकीजकडे आला तेव्हा पिचिंग कोच तेच होते, आणि १४ मे रोजी वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी असताना त्याने १३४ चेंडू टाकून सिअॅटलविरुद्ध नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता सामना, पुरा केला. सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर उचलून नेले. दहा वर्षांपूर्वीचे त्या दोघांमध्ये तेव्हा काही उरले होते का, हे मला जाणून घ्यावेसे वाटते.

त्यांच्या घरातलेही एक आहे. धाकटा मुलगा जेसन ल्युकेमियाने १९८१ मध्ये, अकराव्या वर्षी गेला. त्याचा पंधरा वर्षांचा भाऊ टॉड याने त्याला आपला अस्थिमज्जा दिला होता. तो त्या शरीराने स्वीकारला नाही. टॉड पुढे मोठा पिचर झाला, आणि त्या अपराधी भावनेबद्दल त्याने मोठेपणी उघडपणे सांगितले आहे. याच्यापुढे माझ्याकडून लिहवत नाही.

१३ जानेवारी २०१९ रोजी स्टॉटलमायर गेले. नऊच दिवसांनी हॉल ऑफ फेमचा, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मान-यादीसाठीच्या मतदानाचा, निकाल आला आणि ४२५ पैकी ४२५ मते रिवेराला पडली. असे त्याआधी कोणाच्या बाबतीत घडले नव्हते. नऊ दिवस. त्या वेळी हे वाचून मी ऑफिसच्या जिन्यात थांबलो होतो.

मघाशी धाकटा पाणी प्यायला खाली आला. टेबलावरचा चेंडू त्याने सवयीने उचलला, दोनदा हातात फिरवला. अंगठा बाजूलाच होता. मी पाहिले आणि वहीत मान घातली.

काल त्याचे ७१ चेंडू झाले, म्हणजे नियमाप्रमाणे चार दिवस विश्रांती, गुरुवारपर्यंत माउंड नाही. वर जाता जाता त्याने विचारले, "गुरुवारी येशील ना?"

येतो म्हणालो. एक बूट अजून मातीने भरलेला आहे, तो करून झोपतो.