हाल्सीचं लावलेलं जंगल

रविवार, रात्री

सामान अजून गाडीतच आहे, तंबू सकाळी वाळत घालीन. डोक्यात आहे तोवर हे लिहून काढते.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ओमाहा शहराहून पश्चिमेला निघालं की मका, सोयाबीन, पुन्हा मका. ब्रोकन बो हे गाव मागे पडल्यावर शेती विरळ होते आणि सँडहिल्स सुरू होतात. या टेकड्या वाळूच्या, पण वाळू दिसतच नाही, नजर जाईल तिथवर गवत. राज्याचा जवळजवळ चौथा हिस्सा असा आहे. हायवे दोनला लागून रेल्वे, तिच्यावर वायोमिंगच्या कोळशाच्या न संपणाऱ्या मालगाड्या, आणि बाकी सगळं आभाळ. मग हाल्सी गावापाशी, मिडल लूप नदीच्या पलीकडे, एकदम काळपट हिरवी रेघ उठते. पाइनचं जंगल!

हा पाइन इथे आपणहून आलेला नाही, माणसांनी हातांनी लावलेला आहे. नेब्रास्का विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स बेसी यांनी ध्यासच घेतला होता की या वाळूत झाडं वाढतील. १८९१ साली होल्ट काउंटीत त्यांच्या आग्रहावरून थोडी रोपं लावली गेली. दहाएक वर्षांनी जाऊन पाहिलं तर जॅक पाइन चांगले उंच झाले होते. १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी इथे राखीव वन जाहीर केलं, आणि त्याच वर्षी हाल्सीला रोपवाटिका सुरू झाली. ती आजही चालू आहे. वणव्यात जळालेल्या रॉकी पर्वतातल्या जंगलांसाठी रोपं इथूनही जातात. ज्या भागात मूळचं जंगल नाही, तिथून डोंगरांना झाडं मिळतात, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आमचा तंबू नदीजवळ होता. दुपारी तापलेल्या पॉन्डेरोसा पाइनच्या सालीला नाक लावलं की व्हॅनिलासारखा गोड वास येतो. लेक एकेका झाडाला मिठी मारून वास घेत सुटली. जंगलात एका विशिष्ट जागी उभं राहिलं की सगळी खोडं एका ओळीत येतात, आणि दोन पावलं सरकलं की ओळ मोडते. लावणाऱ्यांचे हात तिथे दिसतात. संध्याकाळी स्टोव्हवर खिचडी टाकली. रात्री वारा पाइनमधून वाहत होता आणि मधूनच मालगाडीचा भोंगा.

दुसऱ्या दिवशी जळालेल्या भागात गेलो. ऑक्टोबर २०२२ च्या आगीत इथलं जवळपास १९ हजार एकर रान जळलं. एका स्वयंसेवक अग्निशामकाचा त्यात जीव गेला, मुलांचं जुनं शिबिरही खाक झालं. काळी खोडं अजून उभी आहेत. त्यांच्यामधलं गवत मात्र गुडघ्याच्या वर आलेलं, जोमदार. गवताची मुळं आणि कोंब जमिनीखाली राहतात, म्हणून आग वरून निघून जाते आणि ते पुन्हा फुटतं. पूर्वी याच आगी, चरणारे बायसन आणि कोरडी हवा झाडांना इथे टिकू देत नसत. आता आगी विझवल्या जातात, तर ईस्टर्न रेड सीडर हा वृक्ष माळावर पसरतोय आणि गवत त्याच्या सावलीत मरतंय. गुराखी आणि वनखातं दोघंही तो तोडत, जाळत असतात.

तिथून परतताना मोज्यांत कुसळं शिरली. आपल्याकडच्या कुसळीचं चुलतभावंड शोभावं असं हे गवत: टोकाला सुई आणि मागे लांब केस. लेकीच्या तळहातावर एक बी ठेवून पाण्याचा थेंब टाकला. केस हळूहळू पीळ सोडत फिरू लागला. ओलं झालं की उलगडायचं, वाळलं की पुन्हा पिळायचं, असं करत बी स्वतःला मातीत खुपसतं. ती कितीतरी वेळ हात न हलवता बघत राहिली.

या गवतानेच वाळू धरून ठेवलीय. ते फाटलं की वारा टेकडीला खड्डा पाडतो. पाऊस इथे वाळूतून थेट खाली ओगलाला नावाच्या भूजलसाठ्यात मुरतो आणि तेच पाणी पाझरून मिडल लूप वर्षभर जवळजवळ सारख्याच पातळीने वाहते. लोक त्यात गुरांच्या पाण्याच्या गोल टाक्या सोडून मजेत तरंगत जातात.

सोलापूरकडची असल्याने मला हे सगळं जास्तच लागतं. नान्नजच्या माळरानाला १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य केलं, पण आपल्याकडे माळ म्हणजे पडीक असं धरून त्यावर गिरिपुष्पाची झाडं लावण्याचे कार्यक्रम झाले. लांडगा, खोकड, धाविक पक्षी यांना झाडी नको, उघडं गवत हवं. बेसींच्या जंगलावर माझं प्रेम आहे, त्यातल्या कष्टांवर तर फारच. पण ते सँडहिल्सच्या एका कोपऱ्यात आहे म्हणून शोभतं. सगळ्या टेकड्या तशा झाल्या असत्या तर ती नदीही अशी राहिली नसती, असं मला मनापासून वाटतं.

एप्रिलमध्ये पुन्हा जायचं ठरलंय. तेव्हा पहाटे माळावर प्रेअरी चिकन या पक्ष्याचे नर नाचतात आणि ते बघायला वनखात्याने लपणं ठेवलीत. उजाडायच्या आधी आत जाऊन बसायचं असतं. लेक एवढा वेळ गप्प बसेल, याची आता मला खात्री आहे. थंडी मात्र कडक असेल, तेव्हा जाड स्लीपिंग बॅगा आधी घ्यायला हव्यात.