माणसं मोजायची, तर रक्त कशाला?

'तुमचं शास्त्र लोकसंख्येचं ना? मग रक्त कशाला घेता?' नाशकात हा प्रश्न मला नातेवाइकांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे विचारतात. माझं शास्त्र बायोडेमोग्राफी, म्हणजे लोकसंख्याशास्त्र आणि जीवशास्त्र यांची सांगड. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

सिन्नर-येवल्याकडच्या एखाद्या आजींना वय विचारा. 'बहात्तरच्या दुष्काळात थोरला पोटात होता,' असं उत्तर येईल, नाहीतर सत्तर, पंच्याहत्तर असा गोल आकडा. मग पकड मोजायचं यंत्र हातात द्यायचं. 'आजी, आहे तेवढा जोर लावा.' त्या पदर खोचतात, ओठ दाबून मूठ आवळतात. बोटाला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घ्यायचे आणि वाळू द्यायचे. एकाच वयाच्या दोघींची शरीरं किती वेगळी म्हातारी झालीत, ते इथे कळतं. जनगणनेच्या रकान्यात ते येत नाही. बायोडेमोग्राफी ती ही.

प्रौढपणी मृत्यूचा धोका साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. वयाबरोबर तो असा चढत जाण्याचा नियम गॉम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञाने 1825 मध्येच मांडला होता. पण 1992 मध्ये जेम्स कॅरी हे अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 लाख फळमाश्यांची आयुष्यं मोजून निकाल मांडला. (आपण आंबा-पेरूच्या बागेत जिच्यासाठी कामगंध सापळे लावतो, तिचीच ही भाऊबंद.) अगदी म्हाताऱ्या माश्यांत मृत्युदर चढायचा थांबला, उलट उतरला. आयुष्याची मर्यादा ठरलेली असते या समजुतीला तिथे मोठा धक्का बसला, आणि जीवशास्त्रज्ञ नि लोकसंख्यावाले एका टेबलाशी बसू लागले.

आपल्याकडे देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये पंचेचाळिशीपुढच्या लोकांची आणि त्यांच्या जोडीदारांची, मिळून 72 हजारांवर माणसांची पाहणी केली. घरची मिळकत, मुलंबाळं, रक्तदाब, पकड, रक्त, सगळं एकत्र. त्याच माणसांकडे पुन्हा जायचं, हा तिचा खरा जीव. त्यात खंड पडता कामा नये, असं मला फार तळमळीने वाटतं.

कारण बहात्तरच्या दुष्काळात आईच्या पोटात असलेली मुलं आता पन्नाशी ओलांडून गेलीत. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली. तेव्हा गर्भात असलेल्यांना पुढे साखरेचा आणि हृदयाचा त्रास जास्त झालेला दिसला. आपल्याकडे खडी फोडत, सुकडीवर दिवस काढलेल्या आयांच्या मुलांचं काय झालं? हे तपासायचं तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांतच, ती माणसं हयात आहेत तोवर.