आमची वाटचाल: भंगारातली नळी ते अडकित्त्याचा होलोग्राम

हो, आम्ही होलोग्राम करण्यासाठी सेकंडहँड लेझर विकतो. होलोग्राम म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या काचेच्या प्लेटवर लेझरने उतरवलेलं वस्तूचं त्रिमितीय चित्र. ‘जुना माल खपवणारे’ म्हणून आमचं नाव ज्यांनी खराब केलं, त्यांच्याकडे पुढे येतोच.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मोडीत निघालेली लॅबची उपकरणं यायची. त्यातल्या तांबडा लेझर देणाऱ्या हेलियम-निऑन वायूंच्या नळ्या मी आणि माझा भागीदार वेचून आणायचो. भागीदार मूळचा टीव्ही मेकॅनिक, त्यामुळे हाय व्होल्टेजची भीती कधीच मेलेली. नळी पेटली की तो आधी रंग बघायचा. नारिंगी-गुलाबी उजेड असला तर नळीत जीव आहे. जांभळट झाक आली की आत हवा शिरलेली, चला परत भंगारात. पाच मिलिवॅटची धडधाकट नळी हाती लागली की त्या दिवशी मिसळ त्याच्याकडून. नव्यांना सांगून ठेवतो, अ‍ॅल्युमिनियमचा मोठा डबा ज्या बाजूला, ती बाजू ऋण. उलटं जोडलंत तर नळीची वाट लागते. आणि बटण बंद केलं तरी सप्लायमध्ये चार्ज उरतो, आधी शॉर्ट करा, मग हात लावा.

होलोग्राम करताना हादरे बसू नयेत म्हणून लागणाऱ्या टेबलाचं म्हणाल तर लाखाच्या टेबलाची काही गरज नाही. स्कूटरच्या ट्यूबमध्ये बेताची हवा भरायची, त्यावर कडप्पा ठेवायचा. हवा जास्त झाली की सगळं मुसळ केरात. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, प्लेट आणि वस्तू यांच्यात तिच्या दहाव्या भागाइतकीच हालचाल चालते. म्हणून आम्ही डेमो रात्री पीएमटीच्या बस बंद झाल्यावरच द्यायचो.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे नगरचे एक फिजिक्सचे सर. पहिला लेझर त्यांनी हप्त्यांनी घेतला आणि एकही हप्ता चुकवला नाही. त्यांना आजोबांचा पितळी अडकित्ता होलोग्राममध्ये हवा होता. पद्धत सोव्हिएत शास्त्रज्ञ डेनिस्युकने १९६२ मध्ये मांडलेली, एका किरणाची, म्हणजे प्लेटमधून प्रकाश जातो, वस्तूवर आपटून प्लेटवर परत येतो. अडकित्त्याची खीळ सैल होती. ती डिंकाने पक्की केली, अर्धा तास सगळं निवू दिलं. मग किरण अडवणारा काळा पुठ्ठा कडप्प्याला न टेकवता हातात धरून उचलला, चार-पाच सेकंद. डेव्हलपर, ब्लीच, धुणं झालं. ओली प्लेट कोरीच दिसते, नवखा माणूस इथेच हाय खातो. सर मात्र हेअर ड्रायर घेऊन बसून राहिले. वाळता वाळता कोपऱ्यातून आधी मूठ दिसू लागली, मग मुठीवरचा मोर, त्याची चोच काचेच्या मागे बोटभर खोल. सरांनी प्लेट उलटून मागे खरंच काही आहे का, ते पाहिलं.

नव्वदच्या दशकात होलोग्राफीच्या प्लेट बनवणाऱ्या युरोपातल्या एका बड्या कंपनीने ते काम बंद केलं आणि आमचं कंबरडं मोडलं. लेझर कपाटात, पण प्लेटच नाहीत. भागीदार इन्व्हर्टरच्या धंद्यात गेला, आणि मी त्याला अडवलं नाही. पुढे रशियातल्या स्लाविच कंपनीच्या प्लेट मिळू लागल्या, तेव्हा आगाऊ पैसे नगरच्या सरांनीच दिले. त्या प्लेट फ्रिजमध्येच ठेवा. आपल्या पावसाळ्यातल्या दमटपणाने प्लेटवरचं जिलेटिन फुगतं.

मग काही वर्षं बरी गेली, आणि मग आमचं नाव खराब करणारे ते गृहस्थ उगवले. हिरवे लेझर पॉइंटर ‘होलोग्राफी किट’ म्हणून कॉलेजांना विकू लागले. नवा माल, रंगीत कॅटलॉग, आमच्याहून निम्मी किंमत, शिवाय आमच्याबद्दल ‘भंगारवाले’ हा शब्द. अहो, त्या पॉइंटरच्या पोटात १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश दुप्पट वारंवारतेला नेऊन ५३२ करतात. स्वस्तातल्या पॉइंटरमध्ये फिल्टर धड नसला तर अवरक्त बाहेर सांडतो. डोळ्याला दिसत नाही, पण इजा करतो. शिवाय पॉइंटरची तरंगलांबी एका जागी थारा धरत नाही, त्यामुळे होलोग्राम काळाठिक्कर. वर आमच्याकडच्या रशियन प्लेट तांबड्यासाठी बनलेल्या, हिरव्याला दाद कशाला देतील? एका कॉलेजने टेंडर त्यांना दिलं. वर्षभराने त्याच कॉलेजातून मला फोन, “किट चालत नाही, जरा बघून जाता का?” गेलो. आमचीच जुनी नळी लावून मुलांकडून चांगला होलोग्राम करून घेतला. प्राचार्यांनी चहा पाजला आणि पाठ थोपटली. नळीचं बिल अजून त्यांच्या अकाउंट्स खात्यात पडून आहे.

प्लेटची नवी खेप दिवाळीनंतर येईल. हिरवे पॉइंटर कृपया दुरुस्तीला आणू नयेत.