रिपोर्टवर 'एलएसआयएल' लिहिलं होतं

चवथीची माटोळी बांधायची गडबड चालू होती आणि माझा पॅप स्मिअरचा, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट आला, 'एलएसआयएल' आणि खाली एचपीव्ही नावाचा व्हायरस पॉझिटिव्ह, बस्स, म्हापशाच्या बसस्टँडवर अर्धा तास नुसती बसून होते, डोक्यात एकच शब्द, कॅन्सर.

पण तसं नसतं गं. एलएसआयएल म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींत थोडासा बदल, आणि तो बहुतेक वेळा आपोआप जातो. एचएसआयएल, म्हणजे जास्त गंभीर बदल, आलं तर मात्र अजिबात अंगावर काढायचं नाही. एचपीव्ही शारीरिक संबंधांतून पसरतो आणि तो इतका कॉमन आहे की बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होतोच आणि साधारण 1-2 वर्षांत शरीरच त्याला घालवतं. धोका असतो तो वर्षानुवर्षं टिकला तर, त्यातही 16 आणि 18 नंबरचा, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या जवळजवळ 70 टक्के केसेस त्या दोघांमुळे होतात.

थोरल्या जाऊबाईंनी हळूच विचारलं, "भावजींचं बाहेर काही नाही ना गं?" मला रडूच आलं. हा व्हायरस कित्येक वर्षं गुपचूप बसून राहू शकतो, कधी आला, कुणाकडून आला ते कळतच नाही, त्यावरून कुणाच्या संसारावर संशय घेऊ नका प्लीज.

मग कॉल्पोस्कोपी झाली. व्हिनेगरसारखं औषध लावून भिंगातून बघतात, थोडं झोंबतं, एक छोटा तुकडा तपासायला घेतला. सीआयएन 1, म्हणजे सौम्य बदलच, निघालं, एका वर्षाने परत टेस्ट.

लेक अकरा वर्षांची आहे, तिची एचपीव्हीची लस पुढच्या आठवड्यात.